ऑप्टपार्स-अ‍ॅप्लिकेटिव्ह दोन वर्षं वापरल्यावर: लायब्ररी भारी आहे, पण कुठे रडवते ते आधी वाचा

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, आणि खरं सांगायचं तर कापलेल्या त्या एका स्टारसाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसले, कारण कौतुक करणारे भरपूर भेटतात पण अडकल्यावर नेमकं काय बघायचं ते कोणी एका जागी सांगत नाही.

तर, हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत कमांड लाइनचं टूल लिहायचं असेल तर आर्ग्युमेंट, म्हणजे टूलच्या नावापुढे टाइप केलेले शब्द, वाचायला जी लायब्ररी जवळपास सगळे सुचवतात ती ही, ऑप्टपार्स-अ‍ॅप्लिकेटिव्ह. पाओलो काप्रियोत्तीने लिहिलेली, हॅकेजवर, म्हणजे हास्केलच्या पॅकेजच्या साठ्यावर, 2012 पासून आहे, म्हणजे काल-परवाचं खेळणं नाही. माझं टूल छोटंसं आहे, लॉग फाइली चाळायच्या, दोन तारखांमधल्या ओळी काढायच्या, मोजायच्या आणि दुसऱ्या फाइलमध्ये टाकायच्या, बस. सुरुवातीला गेटआर्ग्ज (आर्ग्युमेंटची लिस्ट देणारं फंक्शन) घेतलं आणि येणाऱ्या लिस्टवर सरळ पॅटर्न मॅच केलं. दोन आर्ग्युमेंट होती तोवर मस्त चाललं. तिसरं आलं, चौथं आलं ते पण कधी असेल कधी नसेल, मग कोण आधी कोण नंतर, आणि एक दिवस पॅटर्न मॅच असा लांबलचक झाला की मलाच वाचता येईना.

मग गेटऑप्ट. हे हास्केलच्या बेस म्हणजे मूळ लायब्ररीतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, आणि दोन-तीन फ्लॅगसाठी (डॅशने सुरू होणाऱ्या पर्यायांसाठी) आजही मी तेच सांगेन. पर्यायांची लिस्ट द्यायची, प्रत्येकाला सांगायचं की याला व्हॅल्यू नाही, किंवा लागतेच, किंवा दिली तर दिली. परत काय मिळतं, तर तीन गोष्टींची जोडणी, सापडलेले पर्याय, उरलेले शब्द आणि एरर. यात 'दिली तर दिली'वाला जो ऑप्टआर्ग प्रकार आहे तो पहिला खड्डा. त्यात -ओ लिहून स्पेस देऊन फाइलचं नाव लिहिलं तर ते नाव त्या पर्यायाला जातच नाही, उरलेल्या शब्दांत जाऊन पडतं. चिकटवूनच लिहावं लागतं, आणि लांब नाव असेल तर बरोबरचं चिन्ह देऊन. एरर काही येत नाही बरं का, फक्त आउटपुट भलतीकडे.

पण मला गेटऑप्ट सोडायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. ओळींची मर्यादा घेणारा एक पर्याय होता आणि त्यात मी थेट रीड लावलं होतं, म्हणजे आलेल्या शब्दाचा आकडा करायचा. एकदा घाईत आकड्याच्या जागी फाइलचं नाव गेलं. टूल काही बोललं नाही, मजेत चालू झालं, फाइल उघडली, आउटपुटची फाइल तयार केली, अर्धं काम केलं आणि जिथे तो आकडा पहिल्यांदा खरंच लागला तिथे 'प्रील्यूड डॉट रीड, नो पार्स' म्हणून मेलं. अर्धवट फाइल तशीच मागे. हास्केल आळशी आहे, खरंच लागेपर्यंत व्हॅल्यू काढत नाही, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या आळसाचा अर्थ असाही होतो की चुकीचं आर्ग्युमेंट दारात अडवलं जात नाही, ते घरात शिरतं, बसतं, आणि जेव्हा कोणी त्याला उठवायला जातं तेव्हा बॉम्ब फुटतो.

ऑप्टपार्सने हा प्रश्न सोडवला. तिच्यात रीडर नावाची गोष्ट प्रत्येक पर्यायाला जोडायची असते आणि तो पार्सिंगच्या वेळीच हो किंवा नाही सांगतो, त्यामुळे चूक असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच एरर येतो, एक्झिट कोड 1, मेसेज स्टँडर्ड एररवर. जसं हवं तसंच. (नाव वाचून घेऊन नंतर एफमॅपने (आलेल्या उत्तरावर फंक्शन चालवणारं) रीड लावलंत तर मात्र जुना बॉम्ब जसाच्या तसा परत येतो. हे मी एका ओपन सोर्स टूलमध्ये बघितलंय आणि स्वतःही एकदा केलंय.)

दुसरी आवडलेली गोष्ट, हेल्प. हेल्पचा मजकूर वेगळा लिहावा लागत नाही, पर्याय लिहिताना सोबत जे वर्णन देतो त्यातून ती आपोआप तयार होते. हे जमतं कारण सगळी रचना अ‍ॅप्लिकेटिव्ह आहे. म्हणजे काय, तर मोनॅड नावाच्या दुसऱ्या रचनेत पहिल्या पायरीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी पायरी कोणती ते कळत नाही, पण इथे सगळे पर्याय आधीच मांडलेले असतात, काही न चालवता लायब्ररी त्यावरून नजर फिरवू शकते आणि यादी छापू शकते. नावातला अ‍ॅप्लिकेटिव्ह शो करायला लावलेला नाही, खरंच कामाचा आहे. चुकून स्पेलिंग गंडलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असंही विचारते, ते पण त्याच्यातूनच.

आता रडगाणं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ऑटोमध्ये. 'ऑप्शन ऑटो' लिहिलं की रीडर टाइप बघून स्वतः ठरतो, वाचायला किती छान वाटतं. पण ऑटो म्हणजे मागे तेच जुनं रीड आहे आणि रीडला हास्केलच्या सोर्स कोडमध्ये लिहितात तसं लिहिलेलंच कळतं. म्हणून स्ट्रिंगसाठी ऑटो लावलंत तर --नाव अबक दिल्यावर 'कॅनॉट पार्स व्हॅल्यू' येणार, कारण त्याला अवतरणचिन्हं पाहिजेत, आणि ती तुम्ही दिलीत तरी शेल मधल्यामध्ये खाऊन टाकतो, म्हणजे अवतरणाच्या आत अवतरण असला तमाशा. स्ट्रिंगला स्ट्रऑप्शन वापरा, विषय संपला. स्वतःचा टाइप असेल, समजा लॉगची पातळी, आणि त्याला रीड डिराइव्ह केलं असेल तर युजरला डीबग हा शब्द पहिलं अक्षर कॅपिटल करूनच लिहावा लागतो, कारण कन्स्ट्रक्टर, म्हणजे कोडमधलं त्या पातळीचं नाव, तसा आहे. कोण लिहिणार? दशांशात पॉइंट पाच म्हणून सरळ .5 दिलं तर नापास, 0.5 पाहिजे.

हे सगळं निदान ओरडून तरी सांगतं. न ओरडणारं ऐका. पोर्ट नंबर 16 बिटचा असतो म्हणून मी शहाणपणा करून टाइप वर्ड16 ठेवला, म्हटलं आता चुकीचा नंबर येणंच शक्य नाही. 70000 देऊन बघितलं. घेतला! आणि आत पोचला 4464, कारण 65536 च्या पुढे गेलेला आकडा गुंडाळला जातो, रीड तक्रार करत नाही. उणे एक दिलं तर 65535. टाइप बरोबर, कंपायलर खूश, आणि सर्व्हर भलत्याच पोर्टवर. यावर उपाय म्हणजे ईदररीडर, त्यात आपलं फंक्शन द्यायचं, ते एकतर चूक झाल्याचा मेसेज देईल किंवा नीट व्हॅल्यू. दहा-बारा ओळी जास्त होतात पण मेसेज आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत येतो. आता मी ऑटो फक्त साध्या इंट साठी वापरते आणि तेही मर्यादा तपासून.

दुसरा त्रास, लटकणं. मला -व्ही जितक्या वेळा दिला तितकी बडबड जास्त असं पाहिजे होतं, बऱ्याच टूलमध्ये असतं तसं. स्विच आहे, मेनी आहे, मेनी स्विच लिहिलं, टाइप जुळला, कंपाइल झालं, चालवलं, आणि टर्मिनल गप्प. पंखा सुरू. मला वाटलं फाइल मोठी आहे म्हणून वेळ लागतोय, चहा घेऊन आले तरी तेच. कारण अगदी साधं निघालं, स्विच कधीच फेल होत नाही, फ्लॅग दिला नाही तर 'नाही' हे उत्तर देऊन पास होतो, आणि मेनी म्हणजे फेल होईपर्यंत परत परत, मग तो थांबणार कधी! डॉक्युमेंटेशनमध्ये फ्लॅगखाली ही सूचना स्पष्ट लिहिलेली आहे, पण स्विच वापरताना तिथे कोण जातं. इलाज फ्लॅगप्राइम, म्हणजे फ्लॅगच पण नावाच्या शेवटी एक अपॉस्ट्रॉफी लावलेला, त्याला डीफॉल्ट नसतो म्हणून तो फेल होऊ शकतो. तो मेनीत घाला, आलेल्या लिस्टची लांबी मोजा, झाली पातळी.

ही एकच गोष्ट डोक्यात बसली ना की लायब्ररीचे निम्मे घोळ कळतात. ज्याला डीफॉल्ट आहे तो कायम पास. म्हणून ऑप्शनलच्या आत व्हॅल्यू देऊन ठेवलेला पर्याय असेल तर उत्तर कधीच नथिंग (काही नाही) येणार नाही, कायम जस्ट (काहीतरी आहे). 'हे नाहीतर ते' लिहिताना पहिल्यालाच डीफॉल्ट दिला असेल तर काहीच न दिल्यावर दुसऱ्याकडे जायची वेळच येत नाही. प्रत्येक वेळी टाइप बरोबर असतो म्हणून आपण बघतो भलतीकडेच, मी तर एकदा आख्खी दुपार तारखेच्या पार्सरमध्ये बग शोधत होते.

तिसरं, आणि स्टार कापला तो यासाठी. एरर मेसेज खोटं बोलतो. खोटं म्हणजे अगदी खोटं नाही, पण दिशाभूल. दोन पर्यायांपैकी एकच चालेल असं लिहिता येतं, फाइल द्या नाहीतर स्टँडर्ड इनपुट, आणि हेल्पमध्ये ते कंसात मध्ये उभी रेघ घालून सुंदर दिसतं. आता युजरने दोन्ही दिले. अपेक्षा काय, 'दोन्ही एकत्र चालत नाहीत'. येतं काय, 'इनव्हॅलिड ऑप्शन'. अहो पण तो पर्याय तर खाली त्याच मेसेजसोबत छापलेल्या यादीत आहे! तेच दोनदा दिल्यावर. --पोर्ट दोनदा आला तर पुष्कळ टूलमध्ये शेवटचा जिंकतो, इथे पहिला वापरला गेला की तो पर्याय यादीतून उठतो आणि दुसऱ्या वेळी अनोळखी ठरतो, परत 'इनव्हॅलिड ऑप्शन'. आमच्या टीममधल्या एकाने यावरून मला बरंच ऐकवलं की तुझ्या टूलला साधा रंगाचा पर्याय कळत नाही, माझ्याकडे तर चालत होतं, मग त्याच्या शेलमध्ये डोकावलं तर त्याने टूलला एलियस (टोपणनाव) करून ठेवलेलं, त्यात रंगाचा पर्याय आधीच घातलेला आणि वरून तो परत देत होता. शेवटचा जिंकावा असं हवं असेल तर मेनी लावून लिस्ट घ्यायची आणि तिचं शेवटचं उचलायचं. जमतं. पण हे मला शोधावं लागलं हीच तक्रार.

चौथं छोटं आहे पण महागात पडू शकतं. रेकॉर्डमध्ये फील्ड ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पार्सर जोडावे लागतात, आणि दोन फील्ड दोन्ही स्ट्रिंग असतील, समजा इनपुट आणि आउटपुट, आणि कोणी रेकॉर्डमध्ये त्यांची अदलाबदल केली तर कंपायलरला काही पत्ता लागत नाही. कुठली फाइल वाचली जाईल आणि कुठलीवर लिहिलं जाईल ते तुम्हीच बघा. एकतर दोघांना वेगळे न्यूटाइप (आत स्ट्रिंगच, पण कंपायलरला वेगळा टाइप) द्या किंवा अ‍ॅप्लिकेटिव्हडू आणि रेकॉर्डवाइल्डकार्ड्स ही दोन एक्स्टेन्शन लावून नावाने जोडा. मी दुसरं केलं, वाचायलाही बरं पडतं.

बाकी बारीकसारीक, हेल्पर जोडायला विसरलात तर --हेल्प हाच पर्याय इनव्हॅलिड म्हणून येतो, आणि हे होतंच एकदा प्रत्येकाचं. सबकमांड असतील तर एचसबपार्सर घ्या, तो प्रत्येकाला हेल्प स्वतः जोडतो. उणे पाच हा आकडा नुसता दिला तर पर्याय समजला जातो, त्याच्या आधी मोकळे दोन डॅश द्यायचे. डीफॉल्ट व्हॅल्यू हेल्पमध्ये दिसायला शोडीफॉल्ट वेगळं लिहावं लागतं आणि स्ट्रिंग असेल तर अवतरणासकट छापते. आणि 0.18 मध्ये हेल्प छापायची आतली लायब्ररी बदलून प्रीटीप्रिंटर झाली, त्यामुळे जुन्या कोडमध्ये हेल्पचा मजकूर हाताने सजवला असेल तर तेवढे इम्पोर्ट बदलावे लागतात, बाकी काही नाही.

आता लायब्ररीला शिव्या द्यायच्या आधी एक काम करा, मेनच्या पहिल्या ओळीत गेटआर्ग्जने जे येतं ते प्रिंट करा. पुटस्ट्रिंगने नाही, प्रिंटने, म्हणजे प्रत्येक शब्द अवतरणात वेगळा दिसतो आणि स्पेस कुठे तुटली ते कळतं. माझ्या अंदाजाने अर्ध्या वेळा लायब्ररीचा काही दोष नसतो. तारांकन दिलेलं असतं ते शेलने आधीच फाइलींच्या नावात उलगडलेलं असतं. कुठल्या तरी डॉक्युमेंटमधून कमांड कॉपी केलेली असते आणि वर्ड प्रोसेसरने दोन डॅशचा एक लांब डॅश करून ठेवलेला असतो, स्क्रीनवर फरक दिसत नाही, पार्सरला मात्र तो फ्लॅग वाटतच नाही, साधा शब्द वाटतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे कबाल, हास्केलचं बिल्ड टूल. कबाल रन आणि टूलचं नाव आणि पुढे --व्हर्बोज. माझं टूल ढिम्म, कबाल मात्र पानंच्या पानं बोलायला लागलं! फ्लॅग त्यानेच खाल्ला. मध्ये मोकळे दोन डॅश घातले की पुढचं सगळं आपल्या टूलला मिळतं, स्टॅक या दुसऱ्या बिल्ड टूललाही तेच. प्लस आरटीएस पासून पुढचं तर हास्केलचा रनटाइमच उचलतो, ते गेटआर्ग्जमध्ये दिसणारच नाही, आणि बिल्ड करताना परवानगी दिली नसेल तर बरेचसे आरटीएस पर्याय बंद आहेत म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

अजून एक, फाइलचं नाव देवनागरीत असेल आणि सर्व्हरवर लोकेल (भाषेची सेटिंग) सी वर, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांवर, असेल तर आर्ग्युमेंट नीट येतं, फाइल उघडते पण, आणि ते नाव स्क्रीनवर छापायला गेलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून एरर. शब्द आर्ग्युमेंट दिसल्यामुळे मी पार्सर उचकटून बसले होते, त्याचा आणि कमांड लाइनचा काही संबंध नव्हता, तो छापण्याच्या एन्कोडिंगचा प्रॉब्लेम. एन्कोडिंग सुरुवातीलाच यूटीएफ-8 सेट केलं, गेलं.

टेस्टिंगसाठी मात्र पैकीच्या पैकी. एक्झेकपार्सरप्युअर नावाचं फंक्शन आहे, त्याला पार्सर द्या, शब्दांची लिस्ट द्या, ते ना काही छापतं ना प्रोग्रॅम बंद करतं, फक्त पास झालं की फेल ते व्हॅल्यू म्हणून परत देतं. म्हणजे युजरने तक्रार केली की त्याच्याकडून ती प्रिंट केलेली लिस्ट मागवायची आणि तशीच्या तशी टेस्टमध्ये चिकटवायची, लिस्ट हास्केलच्याच रूपात छापलेली असते त्यामुळे एक अक्षर बदलावं लागत नाही. वरचे बहुतेक घोळ मी आता टेस्टमध्ये नोंदवून ठेवलेत, 70000 वाला तर पहिला.

दुसरं काही घ्यावं का, तर सीएमडीआर्ग्ज बघितली होती, कमी ओळीत काम होतं पण आत इम्प्युअर जादू आहे, तिच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सांगितलंय की कंपायलरचं एक ऑप्टिमायझेशन बंद करा, मला तिथेच नको वाटलं. ऑप्टपार्स-जेनेरिक छान आहे, रेकॉर्ड लिहिला की पर्याय आपोआप, पण मागे हीच लायब्ररी असल्याने घोळही हेच आणि रीडर बदलायला जरा जास्त खटपट. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल किंवा कॉन्फिग फाइलमधून डीफॉल्ट घ्यायची सोय ऑप्टपार्समध्ये नाही, ते आधी स्वतः वाचायचं आणि पार्सर बनवताना व्हॅल्यू म्हणून आत द्यायचं. पार्सर हे साधं फंक्शन आणि व्हॅल्यूच असल्याने ते अवघड नाही.

शेवटी एक लपलेली गोष्ट जी मला दीड वर्षाने कळली. या लायब्ररीने बनवलेल्या प्रत्येक टूलला --बॅश-कम्प्लीशन-स्क्रिप्ट हा पर्याय फुकटात मिळतो, हेल्पमध्ये दिसत नाही, झेडशेल आणि फिशसाठी पण आहे. तो चालवून आलेली स्क्रिप्ट शेलला दिली की टॅब दाबल्यावर आपले पर्याय पुढे येतात. मी लगेच लावली, टॅब दाबला, आणि समोर कसलाच अर्थ नसलेला कचरा, अवतरणं, चौकोनी कंस, इंडेक्स आणि वर्ड असले शब्द. वाटलं ही सोयच गंडलेली आहे. मग कळलं की टॅब दाबला की शेल आपलंच टूल गुपचूप काही खास आर्ग्युमेंट देऊन चालवतो आणि ते जे छापेल तेच सुचवण्या म्हणून दाखवतो, आणि मेनच्या पहिल्या ओळीत माझं ते गेटआर्ग्जचं प्रिंट तसंच राहिलेलं होतं.